अस्थिरावांच्या स्वारीची हकीकत

विद्याखात्याचा लौकिक अखंड राहो. पुढील वर्तमान जैसे घडले तैसे, पदरचे फारसे न घालता, लिहिले असे.

पूर्वी सरकार दौलतीचे मनी आले जे रयतेस विद्या द्यावी, मग मुलुखात ठायी ठायी सरकारी महाविद्यालये उभी केली, आणि दर ठाण्यास एक प्राचार्य, एक घंटा व एक बंद पडणारे घड्याळ बहाल केले. पदवीच्या प्राणिशास्त्र वर्गास मनुष्याचा सांगाडा असलाच पाहिजे, नसल्यास वर्ग बंद, ऐसा हुकूमही जाहला. सांगाडा मात्र एकच पोचला. मग समस्त प्राचार्यांनी मसलत करून ठरविले की ज्या ठाण्यावर तपासणी समितीची चाल होईल तेथे सांगाड्याने आगाऊ मुक्कामास जावे. येणेप्रमाणे समितीस दर ठाण्यात सांगाडा आढळे, आणि समिती 'सांगाडा मौजूद' असा शेरा मारी, आणि तो वाचून सरकार संतोष पावे, आणि मग नवा सांगाडा धाडण्याचे प्रयोजन उरत नसे. विद्यार्थी त्यास अस्थिराव म्हणत. खात्यात इतकी मुलुखगिरी दुसऱ्या कोणी केली नाही.

ऐसे असता एके शहरी जुने व नवे ऐशी दोन सरकारी महाविद्यालये होती, त्यांतील नव्याच्या प्राणिशास्त्राच्या बाईंवर आकाश कोसळले. समितीच्या नव्या अध्यक्षा, ज्या स्वतः तिसऱ्याच एका सरकारी महाविद्यालयाच्या प्राचार्या, करड्या शिस्तीच्या म्हणून मशहूर, त्यांचा हुकूम सुटला: सकाळी जुने महाविद्यालय पाहू आणि दुपारी नवे. नवरदेव एक आणि मांडव दोन! वर्ग बुडाला तर बाईंची बदली डोंगरापलीकडे ठरलेली, आणि घरी लेकीचे शेवटचे वर्ष, सासूबाईंचे गुडघे, आणि यजमानांस चहापलीकडे पाकसिद्धी ठाऊक नाही. बाईंच्या तोंडचे पाणी पळाले.

त्यात अस्थिरावांचा मुक्काम जुन्या महाविद्यालयात, आणि तेथील विभागप्रमुख म्हणजे बाईंच्या सख्ख्या नणंदबाई. उभयतांत मागील सुट्टीपासून अबोला. परंतु अडला हरी! बाईंनी फोन लाविला.

"ताई, समिती तुमच्याकडून निघायच्या आत अस्थिराव द्या हो."

"देते की वहिनी. पण मोठ्या सुट्टीत आई तुमच्याकडेच राहील. आम्हाला जरा फिरायला जायचंय."

"अहो, आई बारा महिने आमच्याकडेच असतात!"

"म्हणून तर तिला सवय आहे."

बाईंनी दात ओठ खाल्ले आणि तह मान्य केला.

मोहिमेचे दिवशी समितीने सकाळी अस्थिरावांची भेट घेतली, मग नणंदबाईंनी समितीस सभागृहात नेऊन कोंडिले, आणि जुन्या प्राचार्यांनी 'आपल्या संस्थेचा इतिहास' या विषयाची तोफ डागिली. पायाभरणीपासून आरंभ जाहला. पहिल्या कुंपणाचे वर्णन चालता समितीचे दोन सभासद जागीच गारद जाहले. तो इकडे बाईंचे यजमान मागल्या दाराशी मोटार घेऊन खडे, बाईंनी स्वहस्ते अस्थिरावांस पुढल्या आसनावर बसविले, पट्टा बांधिला, आणि लोकांची नजर न पडावी म्हणोन सासूबाईंची तपकिरी शाल डोक्यावरून पांघरविली, वर काळा चष्मा चढविला, आणि आपण मागे दडून कूच केले.

दैवाची गती गहन. कुंपण ओलांडून व्याख्यान ग्रंथालयापाशी आले तोच वीज गेली, भोंगा बंद पडला, आणि समिती निसटली. पुढल्या चौकात तांबडा दिवा लागला, आणि बाईंच्या मोटारीशेजारी समितीची मोटार येऊन ठाकली. अध्यक्षांनी काच खाली करून निरखिले. यजमानांचा धीर सुटला, आणि ते अस्थिरावांस म्हणाले, "आई, बरं वाटतंय ना आता?"

अध्यक्षा वदल्या, "काळजी घ्या हो त्यांची. फारच वाळल्यात."

हिरवा दिवा लागताच यजमानांनी ऐसी मोटार हाकली की जैसा बाण सुटावा. आडगल्ल्यांतून प्रयोगशाळा गाठिली, अस्थिरावांस खुंटीला टांगिले, चष्मा काढिला, आणि तो जिन्यात पावले वाजली. समिती आत आली. मग बाईंच्या ध्यानी आले की चष्मा काढिला परंतु शाल तशीच राहिली! अध्यक्षांनी शालीकडे बोट दाखवून विचारिले, "हे काय?"

तोच नव्या ठाण्याचे प्राचार्य, जे एरवी सहीखेरीज हालचाल करीत नसत, पुढे सरसावले.

"सत्कार केला, मॅडम. प्रदीर्घ सेवा. एवढ्या वर्षांत एकही रजा नाही. बढती मागितली नाही."

"आणि बदल्या?"

"त्या मात्र पुष्कळ," प्राचार्य म्हणाले, आणि जीभ चावली.

सभासद इतिहासाच्या माऱ्याने अद्याप अर्धे निजेत होते, त्यांनी माना डोलाविल्या. अध्यक्षांनी त्यांस चहास धाडिले, दार लोटिले, आणि एकांतात बाईंस जवळ बोलाविले. बाईंस डोंगरापलीकडचे ठाणे डोळ्यांपुढे दिसो लागले.

अध्यक्षांनी अस्थिरावांची शाल नीट सारखी केली, आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "बुधवारी आमच्या कॉलेजची तपासणी आहे. दुसरी समिती येतेय. तुमच्या सासूबाईंना मंगळवारी आमच्याकडे पाठवाल का?"

बाईंच्या जिवात जीव आला. "पाठवते की. पाहुणचाराचं काही नको त्यांना."

"शालीसकट पाठवा. आमच्याकडे गारठा असतो."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. 'सांगाडा मौजूद, प्रकृती उत्तम, नव्याची गरज नाही' ऐसा शेरा सरकार दप्तरी दाखल जाहला, प्राणिशास्त्राचा वर्ग कायम राहिला, आणि बाईंची बदली टळली. संध्याकाळी खुद्द सासूबाईंनी शाल मागितली, तेव्हा ती सरकारी कामावर गेल्याचे त्यांस कळविण्यात आले. त्यांनी विचारिले, "आणि मी कधी जाणार गं कुठे? सुट्टीत लेकीकडे जाईन म्हणते." बाईंनी तहाचे कलम स्मरून स्वयंपाकघरात माघार घेतली.

हे वर्तमान अक्षरशः खरे असे. कोणास शंका असल्यास त्याने अस्थिरावांस पुसावे. ते सर्व जाणतात, आणि आजवर कोणाविरुद्ध बोलल्याचे ऐकिवात नाही.