कर्नलसाहेबांना दमदाटी

इंग्रजीत सल्ला कसा द्यावा आणि दम कसा भरावा, हे अख्ख्या शिराळा तालुक्यात माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं! ‘शूड’ म्हणजे मायेचा सल्ला, ‘मस्ट’ म्हणजे हुकूम. हायस्कुलात मी शिकवत होतो ते हेच! म्हणून तर चौसष्ट साली पेन्शनर हवालदार आकाराम माझ्याकडे आले. मुलगा मानसिंग पलटणीत, लग्न पंधरवड्यावर आणि रजेचा पत्ता नाही!

“गुर्जी, त्याच्या कर्नलसायबाला लिवा. पोरगं आलं न्हाई तर सोयरीक मोडंल!”

मी ‘शूड’ घालून लिहिलं आणि अर्थ सांगितला.

“लय मऊ झालं, गुर्जी! पलटणीत मऊ बोललं तर कोण वळूनबी बघत न्हाई.”

“मग ‘मस्ट’ घालू?”

“आवं, सायबाला हुकूम सोडताय व्हय? पोराला कोठडीत घालत्याल!”

शेवटी ‘हॅड बेटर’ घातलं. रजा दिलेली बरी, असा झोकदार मधला मार्ग! हवालदारांच्या पत्नी रंगुबाई पाकीट टपालात टाकायला घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी नववीला नेमका तोच धडा निघाला. पुस्तकात छापलेलं, ‘हॅड बेटर’ म्हणजे ऐका, नाहीतर परिणाम वाईट होतील! पोराला रजा द्या, नाहीतर बघून घेतो, असं मी कर्नलला लिहिलं होतं की हो!

पाकीट गावातून निघालेलं, म्हणून तडक एस.टी.नं सांगलीचं मोठं पोस्ट गाठलं.

“आमचं पत्र परत द्या!”

“इंग्रजीत अर्ज करा,” कारकून म्हणाले. “टपालाची थैली अर्ध्या तासात जाते.”

पोस्टमास्तरांना काय लिहावं? ‘शूड’ आगाऊ वाटलं, खोडलं. ‘मस्ट’ लिहिलं, तेही खोडलं. ‘हॅड बेटर’ला हात लावायची छातीच नव्हती! तिसरा कागद मागायला गेलो, तोवर थैली गेलेली!

दहा दिवस अन्न गोड लागेना. एका घरचं लग्न माझ्या हातानं मोडणार होतं. हवालदार दिसले की मी बोळात शिरायचो.

अकराव्या दिवशी खुद्द मानसिंग दारात, वीस दिवसांची रजा घेऊन! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

“साहेब चिडले नाहीत?”

“कशापायी? शुभकार्याचं पत्र कोरडं कसं धाडायचं, म्हणून आईनं आत वल्या हळदीचा हात मारला, वर कुंकू. सगळी शाई फुटली! सायबांनी पाकिटामागचं वडलांचं नाव बघून मला बोलावलं. म्हणाले, अक्षर एक लागत न्हाई, पण घरी लगीन दिसतंय. जा!”

गावातले इंग्रजी अर्ज अजूनही माझ्याकडेच येतात. शब्द निवडत मी तासभर डोकं खाजवतो, लोकही मोठ्या आदरानं थांबतात. आणि लिहून झालं की कागद रंगुबाईंकडे घेऊन जातात!