डॉ. धनेशांचा कोरा कागद

बाळांनो, ढगांतलं मला जेवढं कळतं तेवढं या पंचक्रोशीत कुणाला कळत नाही. चौथीत याच धड्यावर मी दोनदा नापास झालो.

तर एका जंगलात, कुठल्या ते विचारू नका, डॉ. धनेश नावाचा पक्षी राहत होता. चोच मोठी, पदवी त्याहून मोठी. हवेतली धूळ ढगांचं काय करते, हा त्याचा अभ्यास.

त्यानं शोधलं ते खरंच होतं. धुळीच्या कणाला धरून ढगात थेंब बनतो. कण बेताचे असले तर थेंब जाड होऊन खाली पडतात. कण फार झाले, की पातेलंभर चहा आणि पाहुणे शंभर. कुणाचाच कप भरत नाही. ढग नुसता लोंबतो.

वाघमहाराजांच्या नव्या रस्त्यासाठी हत्ती खडी फोडत होते. धूळ उडत होती. धनेश रोज एक पांढरा कागद शेंड्यावर वाऱ्याला लावी. दुसरा, तुलनेपुरता, डब्यात बंद ठेवी.

एके दिवशी दिवाण कोल्हा आला.

"हा काळा कागद कसला?"

"आपली हवा."

"आणि हा पांढरा?"

"त्याला हवा लागलेलीच नाही, दिवाणजी."

"वा! मग दरबारात हाच लावू."

"अहो, हे शास्त्रात बसत नाही!"

"न बसू दे. पलीकडच्या जंगलात परिषद आहे, तिथं तुम्हाला बसवायचं ना?"

धनेशनं लेखणी उचलली. अहवालाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं, 'सदर कागद डब्यातला आहे.' आणि उडाला परिषदेला.

कोरा कागद चौकटीत लागला. हवा स्वच्छ ठरली. खडी फोडणारे हत्ती दुप्पट झाले. आषाढ सरला, ढग लोंबतच राहिले.

सोनकाबाई बेडकीण. तिचं डबकं तळाला लागलं, पिल्लं चिखलात तडफडू लागली. परतलेल्या धनेशला तिनं गाठलं.

"डॉक्टर, एवढे ढग आहेत, मग पाऊस का नाही हो?"

"बाई, मी सगळं लिहून ठेवलंय. तळटीप वाचली नाहीत?"

"आणि माझी पोरं?"

"त्यावर अधिक संशोधनाची गरज आहे."

तात्पर्य : खरं नेहमी सांगावं. अक्षर तेवढं बारीक ठेवावं.

हे तात्पर्य मी खूश होऊन सोनकाबाईला ऐकवलं. ती म्हणाली, "आजोबा, डबकं माझं आटलं आणि गोष्ट तुमची रंगली. त्या कोल्ह्याचं माणसातलं नाव तुम्ही तरी कुठं मोठ्यानं घेतलंत?"