फ्रीज उद्या

महाजन मास्साबांची पत गेली आहे, हे त्यांना मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता कळलं. पत्नी गेली तेव्हा अख्ख्या लोधीपुऱ्याला तासाभरात कळलं होतं. पत मात्र गुपचूप गेली. कुणी भेटायला आलं नाही, कुणी पिठलं-भाकरीचा डबा पाठवला नाही.

बातमी दिली हर्षलने. इतवाऱ्यातल्या बँकेत कर्जाच्या टेबलावर बसणारा हा हर्षल पंचवीस वर्षांपूर्वी मास्साबांच्या वर्गात चौथीत होता आणि गणिताच्या पेपराला त्याच्या पोटात हमखास दुखायचं.

"सर, बुरा मत मानना, पण तुमचा स्कोअर पाचशे अठ्ठेचाळीस आहे."

"कितीपैकी?"

"नऊशे."

मास्साबांनी मनातल्या मनात भागाकार केला. "साठ टक्के. फर्स्ट क्लास झाला की."

"इथं साडेसातशेला पास असतं सर."

"म्हणजे त्र्याऐंशी टक्क्यांना? तुला मी पस्तीसला पास केलं होतं."

"और एक बात सर. मोजायला सुरुवातच तीनशेपासून होते."

"कोरा पेपर दिला तरी तीनशे?"

"हां सर."

मास्साब म्हणाले, "मग मी कोराच का नाही दिला? लिहिलं तरी काय एवढं?"

मास्साबांना गाडीची हौस नव्हती. त्यांच्या सासूबाई आशाबाई पलीकडे रावेरला राहायच्या. वय चौऱ्याऐंशी, गुडघे त्याहून म्हातारे. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मास्साबांची पत्नी सुलभा माहेरी जायची आणि निघताना म्हणायची, "आई, आपली गाडी आली की तुला बुऱ्हाणपूरला नेईन." वीस वर्षं म्हणाली. आठ वर्षांपूर्वी तिने मास्साबांना लायसन्सही काढायला लावलं. गाडीसाठी साठवलेलं सगळं इंदूरच्या दवाखान्यात गेलं आणि मागून तीही गेली, त्याला आता चौदा महिने झाले होते. म्हाताऱ्या आईने फोनवर एवढंच सांगितलं होतं, "लेक येत नाही आता आखाजीले. मीच येते तिच्या घरी. एकदा पाहू द्या."

मुलगी प्राजक्ता म्हणाली, मी मोबाइलवरून भाड्याची गाडी पाठवते. आशाबाईंनी ते उडवून लावलं. "भाड्याच्या गाडीत लेकीच्या घरी? तिनं सांगितलं होतं आपल्या गाडीत नेईन म्हणून. मी बसली आहे वाट पाहत."

तेव्हा पुढच्या आखाजीच्या आत कर्ज काढून गाडी आणायची, जुनी का असेना, असं मास्साबांनी ठरवलं. आणि आता हा पोरगा त्यांना नापास करत होता.

"झालं काय, सर," हर्षलने छापलेला कागद पुढे सरकवला. "तुम्ही हप्त्यावर फ्रीज घेतला होता. चोवीस हप्ते, दर पाच तारखेला. त्यात आठ वेळा लेट. आणि शेवटचा तर भरलाच नाही. चौदा महिने झाले."

"फ्रीजचं सगळं सुलभा बघायची. पेन्शनची स्लिप तेवढी माझी लावली होती."

"स्लिपवरच तर नाव असतं सर."

मास्साब कागद घेऊन घरी आले. स्वयंपाकघराच्या दारामागे एका खिळ्याला चार वर्षांची कॅलेंडरं एकावर एक लटकत होती. सुलभा त्यांवर दूध, गॅस, कामवालीचे खाडे, सगळं पेन्सिलने लिहायची. मास्साबांनी चष्मा लावला आणि दर महिन्याची पाच तारीख तपासायला घेतली.

पहिल्या उशिराच्या चौकोनात लिहिलं होतं, "फ्रीज उद्या. शुक्रवार." दुसऱ्यातही तेच. पुढे एकदा "फ्रीज उद्या. अमावास्या." एकदा "दिवा लागला, उद्या." आणि दोनदा नुसतंच, "मांजर."

मास्साबांनी बेरीज केली. शुक्रवार चार, अमावास्या एक, दिवेलागण एक, मांजर दोन. एकूण आठ. हिशोब बँकेच्या कागदाशी तंतोतंत जुळत होता. शुक्रवारी घरातली लक्ष्मी बाहेर जाऊ द्यायची नाही, दिवे लागल्यावर कुणाला पैसे द्यायचे नाहीत, हा सुलभाचा जन्मभराचा कायदा. दूधवाला, भाजीवाली, गिरणीवाला सगळे तो पाळत. फायनान्स कंपनीला तो कुणी सांगितला नव्हता.

शेवटच्या हप्त्याचं कॅलेंडर सगळ्यांत वर होतं; नंतरचं कुणी टांगलंच नव्हतं. ऑगस्टच्या पाच तारखेला तिने आधीच लिहून ठेवलं होतं, "फ्रीज शेवटचा. पेढे." ती गेली तीन तारखेला.

दुसऱ्या दिवशी मास्साबांनी हे सगळं हर्षलला सांगितलं. हर्षल डोकं खाजवत म्हणाला, "पण काकू एक दिन पहले का नाही भरत होत्या?"

"मीही तिला एकदा असंच काहीतरी विचारलं होतं. म्हणाली, मुदतीच्या आधी पैसे दिले की समोरच्याला वाटतं, आपण घाबरलो."

"सर, हे कॉम्प्युटरला नाही समजत."

"तो मांजर पाळत नसेल."

कंपनीने मात्र आठवण करून दिली होती, हे मास्साबांना आता उमगलं. फॉर्मवर मोबाइल नंबर सुलभाचा होता. तिचा फोन मास्साब अजून चार्ज करत, महिन्याच्या महिन्याला रिचार्जही मारत. कशासाठी, ते कुणी विचारलं तर त्यांना सांगता येत नसे. त्या फोनवर अधूनमधून एका बाईचा आवाज यायचा.

"सुलभाजी से बात हो सकती है?"

"वो नहीं हैं."

"कब आएँगी?"

"अब नहीं आएँगी."

"ठीक है सर, मैं शाम को कर लेती हूँ."

संध्याकाळी खरंच फोन यायचा. मास्साबांना वाटायचं, तिची कुणी मैत्रीण असेल.

बुधवाऱ्यात जिथून फ्रीज घेतला त्या निरंजन शेठच्या दुकानात कंपनीची खिडकी होती. अकराशे चाळीस रुपयांच्या हप्त्याचे दंड-व्याजासकट तीन हजार नऊशे झाले होते. मास्साबांनी पैसे मोजले. खिडकीतली बाई म्हणाली, "मोबाइल पर नंबर आया होगा, बताइए." मास्साबांच्या पिशवीत सुलभाचा फोन वाजला. कितीतरी महिन्यांनी त्यावर कामाचं काही आलं होतं. त्यांनी सहा आकडे वाचून दाखवले आणि फोन रुमालात गुंडाळून ठेवला.

येताना मिठाईच्या दुकानासमोर पाय थांबले. पण बाईने सांगितलं होतं की बाकी नसल्याचा कागद एकवीस दिवसांनी येईल. कागद आल्यावर पेढे घेऊ, असं म्हणून मास्साब पुढे निघाले.

कागद आला. स्कोअर सहाशे दोनवर सरकला आणि तिथेच बसला.

"आता काय?" मास्साबांनी विचारलं.

"सर, वाढवायचा असेल तर एक छोटं कर्ज घ्या."

"कर्ज मिळत नाही म्हणून कर्ज घेऊ?"

"तसंच असतं सर. पंचवीस हजारांची एफडी करा. त्यावर बँक तुम्हाला कार्ड देते. कार्डाने खर्च करा आणि दर पाच तारखेला फेडा. सहा महिने."

"एफडीतले पैसे माझे?"

"हां."

"त्यावर उसने घेणार मी?"

"हां सर."

"मग मी बुडवलं तर बुडेल कोण?"

"तुम्हीच."

"आणि एवढ्यावर बँकेला माझा भरवसा वाटेल?"

"वाटतो सर. सिस्टमच आहे."

मास्साबांनी चाळीस वर्षं मुलांना हातचा घ्यायला शिकवलं होतं. हा असला हातचा त्यांनी पाहिला नव्हता. तरी त्यांनी कार्ड घेतलं, कारण आखाजी जवळ येत होती.

अडचण पुढेच होती. कार्डाने खर्च केला तरच स्कोअर वाढणार, आणि मास्साबांना लागे दूध, भाजी आणि दळण. त्यातल्या कुणाकडेच कार्डाचं मशीन नव्हतं. मशीन होतं ते स्टेशनच्या रस्त्यावरच्या काचेच्या दुकानात. तिथे मास्साबांच्या कामाची एकच गोष्ट मिळे, ती म्हणजे केळ्याचे वेफर. दर महिन्याला ते हजार-बाराशेचे वेफर आणत आणि गल्लीत वाटत. ज्या गावात केळी ट्रकाने भरून जातात, तिथे हा माणूस पुडीतली केळी विकत आणून वाटतो, यावरून लोकांनी दुःखाने डोक्यावर परिणाम झाल्याचा निष्कर्ष काढला. मास्साबांनी तो खोडला नाही. कर्ज मिळवण्यासाठी करतोय असं सांगितलं असतं, तर खात्रीच पटली असती.

मार्चमधली पाच तारीख शुक्रवारी आली. मास्साबांनी गुरुवारीच पैसे भरले. घरी येऊन सुलभाच्या फोटोकडे बघत म्हणाले, "घाबरट म्हण हवं तर."

एप्रिलमध्ये स्कोअर सातशे छप्पन्न झाला. हर्षलने टेबलावरून उठून हात मिळवला. "सर, डिस्टिंक्शन. सोमवारी या, साहेबांची सही झाली की आखाजीच्या आत गाडी दारात."

मास्साबांना वाटलं, पेढे आता गाडीबरोबरच आणावेत.

सोमवारी ते धुतलेला शर्ट घालून गेले. मॅनेजर श्रीकांत साहेबांनी फाइल उघडली, सगळे कागद पाहिले, समाधानाने मान हलवली आणि पेनाला टोपण लावलं.

"उद्या करू सही."

"काही राहिलं का?" मास्साबांनी विचारलं.

"छे, फाइल एकदम क्लीन आहे. पण आज सोमवती अमावास्या. अमावास्येला सही केलेलं कर्ज वसूल होत नाही, माझा अठरा वर्षांचा अनुभव आहे. घरी मंडळींनाही चालत नाही."

"हर्षलने तर आजची तारीख दिली होती."

"अहो मास्साब, एका दिवसाने काय बिघडतं?"

हर्षल खिडकीबाहेर बघू लागला. मास्साबांनी पिशवीतून सहा महिने घड्या पडलेला कागद काढला आणि साहेबांच्या टेबलावर पसरला.

"हे आठ दिवस आहेत. एकेकच. यातला हा अमावास्येचा. याने काय बिघडलं ते तुमच्याच बँकेने मला छापून दिलंय. आता आजचा जो एक दिवस जाईल, तो कुणाच्या नावावर लिहायचा?"

साहेबांनी कागद उलटा केला, सुलटा केला. "तसा कॉलम नसतो आमच्याकडे," ते म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

मंगळवारी साहेब मीटिंगला खंडव्याला गेले. बुधवारी सर्वर बसला. गुरुवारी आखाजी उजाडली.

सकाळी नऊ वाजता दारासमोर केळीच्या क्रेट भरलेली एक पिकअप येऊन थांबली. पुढच्या सीटवर, मांडीवर नवी घागर धरून, आशाबाई बसल्या होत्या. गाडी चालवत होता त्यांचा नातू, सुलभाच्या भावाचा मुलगा समाधान.

मास्साबांनी हात देऊन त्यांना उतरवलं. "आई, तुम्ही तर आपल्या गाडीतच येणार होता."

"मग ही काय भाड्याची आहे? समाधानची आहे. तुमच्या गाडीची वाट पाहत बसली असती, तर वरच भेटा लागलं असतं तिले."

समाधान पिकअप मागेपुढे करून आतल्या बोळात घुसवत होता.

"अरे, इथं लाव ना मोकळ्यावर," मास्साब म्हणाले.

"नको फुवाजी, रस्त्यावरून दिसते. आठ हप्ते थकेल आहेत, कंपनीवाले ढूँढ रहे हैं."

"आठ? आणि तुला गाडी दिली कशी?"

"मी तेव्हा पहिल्यांदाच घेत होतो ना. माझं काही खराबच नव्हतं."

मास्साबांनी यावर विचार केला नाही. करण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

आशाबाई भिंतीला धरून घरभर फिरल्या. लेकीचा ओटा पाहिला, डबे पाहिले, दारामागची कॅलेंडरं हाताने चाचपली. मग फ्रीजसमोर थांबल्या.

"हाच का? फोनवर लय सांगे याचं."

"हाच."

"फिटला?"

"पूर्ण फिटला, आई."

त्यांनी फ्रीज उघडला, बाटल्या काढल्या आणि त्यातलं पाणी लेकीच्या नावाने भरायच्या घागरीत ओतायला घेतलं.

"आखाजीच्या घागरीत फ्रीजचं पाणी चालतं?" मास्साबांनी विचारलं.

"तिनं घेतला ना? मग चालते."

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षलचा फोन आला. "सर, हो गया. साहेबांनी सही केली. आज बारापर्यंत पन्नास हजार डाउन पेमेंट भरा, शाम तक गाडी घर पर."

मास्साबांनी फोनवर हात ठेवला आणि सासूबाईंना सांगितलं. आशाबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आज वार कोणता?"

"शुक्रवार."

आशाबाई लसूण सोलत राहिल्या.

"हर्षल, उद्या येतो," मास्साब फोनवर म्हणाले.

"सर, उद्या चौथा शनिवार. आणि डीलरची ऑफर आजच संपते. प्लीज सर, एवढी मेहनत केली आपण."

"मग सोमवारी. एका दिवसाने काय बिघडतं?"

"तीन दिवस होतात सर."

"शाब्बास," मास्साब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आशाबाईंनी सांगून टाकलं, की आता गाडी येईपर्यंत त्या इथेच राहणार. जायचं तर आपल्या गाडीत, समाधानच्या पिकअपने त्यांची कंबर धरली होती. मास्साबांनी बरं म्हटलं. मग खिळ्याला यंदा टांगलेल्या नव्या कॅलेंडरजवळ जाऊन, दोऱ्याला बांधलेली सुलभाची पेन्सिल घेऊन, त्यांनी शुक्रवारच्या चौकोनात लिहिलं, "गाडी सोमवारी."

फ्रीजचे पेढे अजून आणायचे आहेत.