तांबड्या तळाची बोट

एका जंगलात, म्हणजे जंगल संपून खाडीचा चिखल सुरू होतो अगदी तिथं, सगळ्यांच्या मालकीची एक बोट होती. अ‍ॅल्युमिनियमची. मुलांनो, तुमच्या नव्या डब्यासारखी चकचकीत.

अलीकडचं गवत संपलं होतं. पलीकडे ते कानाएवढं वाढलं होतं. म्हणून चंपा सशीण रोज पिल्लांना घेऊन बोटीत बसायची. सशांना खाडी पोहून जाता येत नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

बोट बांधली पाणकावळ्यानं. जाताना त्यानं बजावलं होतं, "खारं पाणी हा पत्रा खातं. म्हणून तळाला जस्ताचा ठोकळा लावलाय. पाणी आधी त्याला खाईल, बोटीला सोडेल. झिजला की नवा लावा. त्याला रंग फासू नका. तांबं तर बोटीच्या आसपासही आणू नका, त्याच्या संगतीनं पाणी पत्रा दुप्पट खातं. आणि ओहोटीला तळ घासत जा, नाहीतर शिंपले चिकटतील."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवल्या की ऐकावं लागत नाही.

तळ घासायचा म्हणजे चिखलात उताणं व्हायचं. रानडुक्कर म्हणालं, "मला बाई चिखल सोसत नाही." माकडाच्या घरी लग्न निघालं. बगळ्यानं नुसतं स्वतःच्या पांढऱ्या पंखांकडे पाहिलं. तळाला शेवाळ धरलं, त्यावर शिंपले बसले आणि बोट गाभण म्हशीसारखी चालू लागली.

मग बोटसमितीची बैठक झाली. अध्यक्ष कोल्हेसाहेब. त्यांनी एक डबा पुढं ठेवला.

"तांब्याचा रंग! शेजारच्या जंगलात सगळ्या होड्यांना हाच लावतात. शिंपल्याची हिंमत नाही चिकटायची. घासायची कटकटच गेली."

"पण साहेब, त्या होड्या लाकडाच्या आहेत ना?" चंपा म्हणाली. तिचा आवाज कापत होता. तसा तो नेहमीच कापायचा.

"मग आपली काय कागदाची आहे?"

सगळे हसले.

"पण पाणकावळेदादा म्हणाले होते, तांबं…"

"चंपाताई, परवा तुम्ही स्वतःच्याच सावलीला दचकलात."

हे खरं होतं. म्हणून ती खाली बसली.

रंग लागला. ठोकळा तेवढा ओबडधोबड दिसत होता. "हे काय कळकट? फोटोत वाईट दिसेल," कोल्हेसाहेब म्हणाले. मग त्यालाही दोन हात मारले. वाघमहाराजांनी नारळ फोडला.

बोट सुसाट निघाली. कौतुक झालं. आणि एके दिवशी चंपाचे पाय ओले झाले.

"लाट आली असेल," नावाडी पाणमांजर म्हणाला.

"काका, वारा तरी आहे का?"

"मग पिल्लानं केलं असेल."

"ही बोट बुडणार," चंपा म्हणाली. या वेळी मोठ्यानं. सगळ्यांनी ऐकलं. पण गवत पलीकडेच होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी तीही बसली.

बोट मध्यावर बुडाली. पाणमांजरानं पिल्लांना मानेला धरधरून काठावर फेकलं. चंपा वल्ह्याला लोंबकळत आली. सगळे वाचले. कसे, ते आठवलं की पिल्लं अजून थरथरतात.

बोट ओढून उपडी केली. तळाची चाळण झाली होती. कोल्हेसाहेबांनी बारकाईनं पाहिलं.

"महाराज, एकही शिंपला नाही! रंग शंभर टक्के यशस्वी."

"मग बुडाली कशी?" वाघमहाराजांनी विचारलं.

रानडुक्कर म्हणालं, "ही चंपा आधीच म्हणाली होती, बुडणार म्हणून."

"आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. हिलाच कसं माहीत?" बगळा म्हणाला.

"भरल्या बोटीत असं अभद्र बोलतात का?" माकडीण म्हणाली.

चौकशी संपली.

नवी बोट आली. रंग तोच, कारण अर्धा डबा उरला होता. उद्घाटनाला वाघमहाराजांनी मुद्दाम चंपाला पुढं बोलावलं. वाघाला उत्तम पोहता येतं. कोल्ह्यालाही येतं.

"काय चंपाताई, कशी आहे बोट?"

चंपानं पिल्लांच्या बरगड्यांकडे पाहिलं. मग पलीकडच्या गवताकडे.

"रंग फार छान आहे, महाराज," ती म्हणाली आणि पिल्लांना घेऊन बोटीत बसली.

तात्पर्य : मुलांनो, ज्याला पोहता येत नाही त्यानं तळाबद्दल बोलू नये. रंगाबद्दल बोलावं.