कालकथित शालनबाईंचं ब्राइटनिंग

कालकथित शालनबाईंच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे विहारातल्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, मोठा फोटो हवा, म्हणून त्यांची मुलगी शर्मिला विश्रांतवाडीतल्या एका स्टुडिओत गेली. शालनबाई सावळ्या नव्हत्या. सावळं हे लोक तोंडावर म्हणतात. त्या काळ्या होत्या. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्या रंगाने लागल्या, त्याच रंगाने निवृत्त झाल्या. भिंतीवर यापुढे आई म्हणून जे राहणार होतं ते हा फोटोच, त्यामुळे शर्मिलाला तो आईसारखा हवा होता.

मालक सुदर्शन यांनी फोटो पडद्यावर उघडला आणि एक्स-रे बघून डॉक्टर करतात तसा चेहरा केला.

"ब्राइटनिंग करावं लागेल."

"म्हणजे गोरं?"

"अहो, गोरं करणं आम्ही केव्हाच बंद केलं! लोकांच्या भावना दुखावतात. आता फक्त ब्राइटनिंग, लाइटनिंग, टोन करेक्शन. फारच असेल तर ग्लो."

"यांत फरक काय?"

सुदर्शन यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "फोटो सारखाच येतो. पण गिऱ्हाइकाला निवड मिळते."

"काहीच करू नका. आहे तसा छापा."

आहे तसा छापण्याची सोय उपलब्ध नव्हती. फोटो उघडला की यंत्र पहिली सुधारणा आपणहून करी. ती रद्द केली की फोटोत अजून दोष आहे असं समजून दुसरी करी. शर्मिला नको नको म्हणत राहिली आणि प्रत्येक नकारासरशी आई उजळत गेली. शेवटी पांढरी साडी, पांढरी भिंत आणि मधे दोन डोळे उरले.

"किती प्रसन्न!" सुदर्शन म्हणाले.

"ही माझी आई नाही."

"सुरुवातीला असंच वाटतं, मॅडम. वडिलांच्या वेळी मलाही वाटलं होतं. मग सवय झाली. आता त्यांचा आधीचा चेहरा आठवतही नाही."

शर्मिला उठली आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली. त्याच्याकडे सुधारणा करण्याइतकं चांगलं यंत्र नव्हतं. आई जशीच्या तशी बाहेर आली.

विहारात त्रिशरण-पंचशील झालं. लोक फुलं वाहून फोटोकडे बघत आणि मग शर्मिलाकडे जरा जास्तच दुःखाने बघत. शैलामामीने तिला बाजूला घेतलं.

"अगं, मला सांगायचंस. चांगला फोटो करून आणला असता."

"मामी, आई अशीच दिसायची."

"वन्सं दिसायच्या गं तशा. पण आता गेल्या ना! आता तरी..."

मामीला खरोखरच रडू आलं. डोळे पुसत तिने मोबाइलवर फोटोचा फोटो काढला, ग्लोसाठी त्यावर दोनदा बोट फिरवलं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो खडकीला गेला, कोथरूडला गेला. शर्मिला घरी पोचेपर्यंत तो तिच्याच मोबाइलवर परत आला होता. कुणीतरी तिचं सांत्वन करायला पाठवला होता.

एव्हाना तो आपल्याकडेही आला असेल. शालनबाई आपल्या ओळखीच्या नव्हत्या, तरी आपण हात जोडलेत आणि मनापासून लिहिलंत, "चेहऱ्यावर काय तेज होतं!"