जयनगरातली वास्तुशांत

भूमिकानं "आज्जा, एक डाव खेळता काय?" असं विचारलं, तेव्हा मी "सरी" म्हणून होकार दिला. (एवढ्याशा शब्दावर माणसाचं घर जातं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.)

भूमिका माझी नात. विमा कंपनीत कच्च्या नोकरीवर. लोकांना विमा समजावा म्हणून तिनं स्वतःच्या हातानं एक खेळ बनवला होता. दुसऱ्या दिवशी तो मोठ्या साहेबांपुढे मांडायचा. आवडला तर नोकरी पक्की. खेळाची प्रत तेवढी एकच. अडाणी माणसाला तो कळतो का, हे तिला बघायचं होतं. तसा माणूस घरात तयारच होता.

तिनं पट उघडला आणि मी बघतच राहिलो. टीपॉयवर अख्खं बेंगळूर! तळी, गल्ल्या, रेल्वेचे रूळ. फासा टाकायचा, पत्ता उचलायचा, पत्त्यावर संकट. आग, पूर, भूकंप. माझ्या हातून के. आर. पुरमात पाणी शिरलं, तर मी पाय वर घेऊन बसलो. देवाची सगळी कोपाची कामं पोरीनं एका डब्यात भरली होती!

मग माझी सोंगटी जयनगरात आली. भूमिकानं तिथे पुठ्ठ्याचं घर उभं केलं. दोन मजले, लाल छप्पर, बाल्कनी.

"हे तुमचं, आज्जा."

जन्मभर जयनगरातल्या लोकांचे पडदे शिवले आणि राहिलो भाड्याच्या खोलीत. बायकोला हाक मारली. मथुरा चष्मा लावून वाकली.

"देवघर कुठल्या अंगाला?"

"आज्जी, पुठ्ठ्याचं आहे गं ते!"

"असेना. घर ते घर. दूध उतू घातल्याबिगर आत जायचं नाही."

"आज्जा, आधी विमा घ्या," भूमिका म्हणाली.

"आधी वास्तू, मग विमा. स्वल्प थांब."

तेवढ्यात तिला फोन आला. ती बाहेर गेली.

मथुरेनं गॅसवर दूध उतू घातलं आणि कोमट झालेलं पातेलं घेऊन आली. मी कापूर पेटवला. दाराशी ओवाळलं, बाल्कनीशी ओवाळलं. वरच्या मजल्याला ओवाळायला गेलो आणि छपरानं आरती घेतली.

"अहो, घर पेटलं!"

"कुणाचं?"

"आपलं!"

('आपलं घर' हे तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मला भरून आलं. त्यात वेळ गेला.)

मथुरेनं पातेलं उपडं केलं. आग विझली. दूध मात्र जयनगरातून निघालं ते वळणं घेत आनेकलला पोचलं. एवढ्या लवकर तिथे बससुद्धा जात नाही! मी थक्क होऊन बघत होतो, तोच भूमिका आत आली.

"आज्जा… हे काय?"

"वास्तुशांत," मी म्हटलं. "चांगली झाली."

ती मटकन खाली बसली. डोळे भरले. "उद्या साहेबांना काय दाखवू मी?"

"शिवून देऊ का?" मी विचारलं. दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी सुई शोधायला उठलोच नाही.

सकाळी ती तो जळका, दुधाळ पट तसाच घेऊन गेली. मी दिवसभर दारात बसून.

संध्याकाळी आली ती हसतच. "साहेबांनी विचारलं, मी सगळं खरं सांगितलं. म्हणाले, विमा कशाला लागतो हे असं कुणी दाखवलंच नव्हतं. नोकरी पक्की, आज्जा!"

पुढे तो खेळ छापून आला. संकटांत एक नवा पत्ता होता, भूकंपाच्याही वरचा. त्यावर धोतरातला म्हातारा, हातात पेटता कापूर.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

मथुरेनं अक्षर लावून वाचलं, "घरातले आजोबा. या संकटाला विमा मिळत नाही."

आगीला मिळतो, पुराला मिळतो, भूकंपाला मिळतो! मी तो पत्ता हातात धरून बसून राहिलो. एवढा मान मला आजवर कुणी दिला नव्हता.

मथुरेनं चष्मा काढला. "असं होय! आणि मी इतकी वर्षं माझ्या बापाला बोल लावत होते, लग्नाआधी विमा का काढला नाही म्हणून."