साठीपुढचा गट

गेनूनाना माणसाला आधी नाव विचारत नाहीत, वय विचारतात. "पावणं, वय किती?" आपण आकडा सांगितला की डोळे बारीक करून ते आपल्याला कुठल्यातरी गटात टाकतात, मगच रामराम घालतात. खोडदच्या एका लग्नात त्यांनी भर मांडवात पंगत अडवली होती. "पंचविशीचा गडी आन माझ्यासारखा कवळीवाला एका पंगतीत? त्याची चवथी जिलबी संपती तवा माझा पैला घास फिरत आसतो. वाढपी त्याच्याकडं बघून पुढं पळतोय. गट पाडा, गट!" कुणी गेल्याचं कळलं तरी पहिला प्रश्न वयाचाच. "एक्याण्णव? लई मोठा गट गाठला गड्यानं."

हे खूळ त्यांच्या डोक्यात पाण्यानं घातलं. नानांनी उभी नोकरी धरणावरची सरकारी लाँच चालवण्यात काढली. निवृत्त झाले आणि त्याच सुमारास धरणाच्या फुगवट्यावर जलक्रीडा केंद्र निघालं. तिथं वेकबोर्ड नावाचा प्रकार आहे. पायात रुंद फळी अडकवायची, स्पीडबोटीला बांधलेला दोर धरायचा आणि बोटीमागं उठणाऱ्या लाटेवर उड्या मारायच्या. आमच्याकडं त्याला नुसतं 'फळी' म्हणतात. नाना चार दिवस काठावर बसून बघत राहिले. पाचव्या दिवशी खात्याची जुनी खाकी हाफपँट घालून, टोपी नाडीनं हनुवटीला बांधून ते फळीवर उभे राहिले. आम्ही शेजारी असल्यामुळं लाज आम्हालाही वाटली.

दरवर्षी तिथं स्पर्धा होते. शेवटचा गट चाळिशीपुढचा. त्यात पुण्याचा एक व्यायामशाळावाला यायचा, वय एक्केचाळीस, दंड माझ्या मांडीएवढे. नाना सहासष्ट. केंद्र चालवणाऱ्या केतकीताईंशी तीन वर्षं त्यांचं भांडण चाललं होतं.

"ताई, त्यो जल्मला तवा मी लाँच हाकत व्हतो. आमी दोघं एका गटात कसं?"

"नाना, असे गट पाडत बसलो तर प्रत्येकजण पहिला येईल. मग स्पर्धा कसली?"

"बक्षीस नका देऊ. गट द्या."

शेवटी ताई कंटाळल्या. तीन स्पर्धक आणा, साठीपुढचा गट काढते, म्हणाल्या. नाना कामाला लागले. अवसरीपासून आळेफाट्यापर्यंत त्यांनी म्हातारे पालथे घातले. कुणाचे गुडघे आडवे आले, कुणाची सून. सापडले ते एकटे सलीमभाई, जुन्नरचे शिंपी. केंद्राच्या लाइफ जॅकेटांचे तुटलेले पट्टे शिवायला आले होते. नानांनी वय विचारलं, ते एकोणसत्तर म्हणाले आणि अडकले.

तिसरा मी. खरं तर मी अठ्ठावन्नचा. पण शाळेत लवकर बसवायचं म्हणून गुरुजींनी माझं वय दोन वर्षांनी वाढवून लिहिलं होतं आणि त्यापायी मी नोकरीतून दोन वर्षं आधीच घरी बसलो. कागदावर मी साठ पूर्ण. नाना दोन दिवस अस्वस्थ होते. "कागदानं साठ, हाडानं अठ्ठावन्न. ही बेइमानी तर न्हाई?" वयाच्या बाबतीत हा माणूस सोनाराच्या काट्यासारखा. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोडगा काढला. मी पहिला आलो तर पदक परत करायचं.

स्पर्धेच्या दिवशी मी फळीवर उकिडवा बसलो तो तसाच शेवटपर्यंत गेलो. उठण्याची हिंमतच झाली नाही. सलीमभाई ताठ उभे राहिले, एक हात सोडून काठावरच्या बायकापोरांना सलाम करत गेले आणि पहिले आले. नानांनी सरळ जायचं सोडून लाटेवर उडी घेतली आणि फळी वर, नाना खाली. तिघांत तिसरे. पण बाहेर आले ते नाचतच. "तिसरा आलो राव! चाळिशीवाल्यांत सतरावा यायचो."

मग त्यांनी डबा उघडला. तिघांना पुरतील एवढ्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. हे सगळं त्यांनी पहाटे उठून स्वतः केलं होतं. नानी जाऊन चार वर्षं झालीत, पोरं चाकणला असतात. त्या दिवसापासून आमचं दर रविवारी काठावर जेवण सुरू झालं. फळी निमित्ताला.

यंदा अर्ज भरायला तिघं मिळूनच गेलो. केतकीताई खुशीत होत्या. "नाना, तुमचं म्हणणं मला पटलं. यंदा सत्तरीपुढचा गट वेगळा काढलाय. पुण्याचे दोघं आलेत, सलीमचाचा तिसरे. साठीच्या गटालाही तुम्हा दोघांसोबत तिसरा मिळालाय. त्यांची स्पर्धा आदल्या दिवशी."

सलीमभाई नुकतेच सत्तरीत गेले होते. नियमानं सगळं रास्त होतं, आणि नियम नानांचाच होता. नानांनी आपला अर्ज ताईंच्या पुढ्यात सरकवला. मग हळूच म्हणाले, "ताई, माझं वय सत्तर लिवा."

"अहो नाना, तुम्ही सदुसष्टचे!"

"लिवा की. ह्याच्या गुरुजींनी लिवलं न्हवतं का?"

"क्या नाना," सलीमभाई हसले, "तू और झूठ?"

नाना हसले नाहीत. टोपी काढून हातात धरली.

"घरी म्या यकटाच जेवतो, ताई," ते म्हणाले. "हितं तरी नका गट पाडू."

ताईंनी गटांची यादी जवळ ओढली आणि सत्तरीपुढच्या गटाची ओळ खोडली. परतीच्या चढावर सलीमभाईंना दम लागला, तेव्हा नानांनी त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला. वाटेत तीन अनोळखी माणसं भेटली. नानांनी एकालाही वय विचारलं नाही.